तळटीप १४ : 'दुसरा टप्पा'

१४. दुसरा टप्पा : गुलमर्ग (जि. बारामुल्ला, काश्मीर, उंची सुमारे २,६५० मीटर) येथील गंडोला रोपवेचा वरचा भाग. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत १९९८ मध्ये, दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, २००५ मध्ये सुरू झाला. पायथ्याच्या कुरणातले मंद उतार नवशिक्यांसाठी, कोंगडोरीचे सरावलेल्यांसाठी. अफरवटचा उतार मात्र हिमस्खलनाच्या धोक्यामुळे निष्णातांनीच, वाटाड्यासह उतरायचा. म्हणूनच वाडीहून (नागपूरलगत, अमरावती रस्त्यावर) प्रथमच बर्फावर आलेल्या या मंडळींना प्रशिक्षकाने तेथे स्की घेऊन जाऊ दिले नाही. स्कीचा हंगाम साधारणपणे डिसेंबरअखेर ते मार्च.