आत्म्याचं वजन

माणूस मेला की त्याच्यातून नक्की काय जातं? आपण सहज म्हणतो, ‘जीव गेला’. पण गेला म्हणजे कुठून गेला, आणि जाताना कुणाला दिसला का? हा प्रश्न नुसता गप्पांत न ठेवता चक्क तराजू घेऊन सोडवू पाहणारी माणसं इतिहासात होऊन गेली आहेत. त्यातली दोन मला फार आवडतात, आणि थोडी भीतीही वाटते त्यांची.

पहिला पायासी. दीघनिकायातलं २३वं सुत्त त्याच्याच नावाने आहे. कोसल देशातल्या सेतव्या गावाचा हा सत्ताधीश. परलोक नाही, मेल्यावर पुन्हा जन्म नाही, पापपुण्याचं फळ नाही, असं त्याचं ठाम मत. आता असं म्हणणारे त्या काळात इतरही होते. पायासीचं वेगळेपण हे, की तो प्रयोग करतो! मरायला टेकलेल्या नातेवाइकांना तो सांगून ठेवतो, ‘नरकात गेलात तर परत येऊन मला कळवा.’ कुणीच येत नाही. मग हातात सापडलेल्या चोरांवर त्याचे प्रयोग सुरू होतात. एकाला जिवंतपणी रांजणात घालायचं, तोंड ओल्या कातड्याने बांधायचं, वर मातीचा जाड लेप द्यायचा आणि रांजण भट्टीवर चढवायचा. आतला मेला की हळूच तोंड उघडून बघायचं, जीव बाहेर पडताना दिसतो का. दिसत नाही. दुसऱ्याला जिवंत तोलायचं, धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारायचं आणि पुन्हा तोलायचं. तिसऱ्याची कातडी, मांस, हाडं वेगळी करून आत शोधायचं. तिथेही काही नाही.

अंगावर काटा येतो. पण प्रयोगाची रीत बघा. दावा काय, तो खरा असेल तर काय दिसायला हवं, आणि ते दिसतं का? आज आपण ज्याला शास्त्रीय पद्धत म्हणतो तिचा सांगाडा इथे आहे. नाही ती फक्त दया.

पायासीशी वाद घालणारा भिक्षू म्हणजे कुमार कस्सप. त्याची काही उत्तरं आज टिकत नाहीत. पायासी म्हणतो, मेलेला माणूस जिवंतपणापेक्षा जड आणि ताठ भरला. कस्सप म्हणतो, तापलेला लोखंडाचा गोळा हलका आणि मऊ असतो, थंड झाला की जड आणि कडक. तसंच आयुष्य, ऊब आणि जाणीव असेतो शरीर हलकं. पदार्थविज्ञान शिकलेला शाळकरी मुलगाही यावर हसेल. (तिरडीला खांदा दिलेले लोक मात्र अजूनही सांगतात की मढं जड लागतं. जिवंत माणूस उचलताना नकळत स्वतःला सावरतो, मेलेला सावरत नाही, इतकंच.)

पण कस्सपाचे दोन दाखले माझ्या डोक्यातून जात नाहीत. एका आडगावात कुणी शंख वाजवतो. लोकांनी असा आवाज कधी ऐकलेला नसतो. ते शंखाला उलटा करतात, आडवा करतात, काठीने बडवतात आणि म्हणतात, ‘बोल रे शंखा!’ शंख गप्प. दुसरा दाखला अग्नी विझू दिलेल्या पोराचा. अग्नी अरणीतून निघतो एवढं त्याला ठाऊक, म्हणून तो अरणीचे तुकडे तुकडे करून आत विस्तव शोधत बसतो.

शंखात आवाज ‘ठेवलेला’ नसतो. शंख, वारा आणि फुंकणाऱ्याचा प्रयत्न एकत्र आले की तो घडतो. कस्सपाला यातून परलोक सिद्ध करायचा होता हे खरं. पण मला त्यात वेगळंच ऐकू येतं. जाणीव ही वस्तू नसून घडणं असेल, तर तिला तोलायचं कसं?

गंमत पुढेच आहे. हीच गोष्ट जैन आगमातही येते, रायपसेणिय सुत्तात. तिथे राजा पएसी आणि उत्तर देणारे केशी श्रमण. तिथेही चोर आहे, तराजू आहे. पण इथे वजन मरणाआधी आणि नंतर सारखंच भरतं! केशी म्हणतात, कातड्याच्या पिशवीत हवा भरली काय आणि काढली काय, वजन तेच. जीव हत्तीत आणि बारीक किड्यात सारखाच कसा मावतो, यावर त्यांचं उत्तर दिव्याचं: मोठ्या दालनात ठेवला तर दालन उजळतो, भांड्याखाली झाकला तर तेवढीच जागा. नित्य आत्मा न मानणारे बौद्ध आणि जीव मानणारे जैन, दोघांनीही हा एकच संशयी राजा आपापल्या दारी आणला.

दुसरा माणूस अमेरिकेतला. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅवरहिल गावचे डॉक्टर डंकन मॅकडूगल. १९०१पासून त्यांनी मरणाऱ्या रोग्यांची खाटच तराजूवर ठेवली. एकूण रोगी सहा. पहिल्याच्या मृत्यूच्या क्षणी पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम घट दिसली. पुढच्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात, आणि दोन प्रयोग तर त्यांनी स्वतःच बाद ठरवले. नंतर १५ कुत्रे तोलले, त्यांचं वजन घटलं नाही. निष्कर्ष? कुत्र्यांना आत्मा नसतो! १९०७ साली हे छापून आलं. लगेच ऑगस्टस क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी हरकत घेतली: श्वास थांबला की रक्त गार होणं थांबतं, अंग तापतं, घाम सुटतो, घट त्याचीच असेल. वाद विरला, पण ‘२१ ग्रॅम’ उरले. २००३ साली त्याच नावाचा सिनेमाही आला.

म्हणजे पालीत मेलेला जड, प्राकृतात सारखा, इंग्रजीत हलका. तीन तराजू, तीन उत्तरं.

हे वाचून हसावं आणि सोडून द्यावं असं वाटेल. पण प्रश्न अजून रुग्णालयात रोज उभा राहतो, फक्त उलट बाजूने. शरीर चालू आहे, आत कुणी आहे का? २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी एका २३ वर्षांच्या मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातानंतर ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. तिला यंत्रात ठेवून सांगितलं, ‘टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ मेंदूचा जो भाग निरोगी माणसात तेव्हा उजळतो, तोच तिच्यातही उजळला. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, वरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू अशा सूचना पाळत होता. चारांतला एक.

आपल्याकडे हे वाचताना मुंबईच्या केईएममधली अरुणा शानभाग आठवणारच. १९७३च्या हल्ल्यानंतर ती २०१५पर्यंत तिथेच होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तपासणीसाठी तीन डॉक्टर नेमले. त्यांच्या मते, कायमच्या वनस्पतिवत अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडत होते. तिची देखभाल करणाऱ्या परिचारिकांचं म्हणणं वेगळं होतं: तिला मासे आवडतात, तिच्या चेहऱ्यावर भाव उमटतात. न्यायालयाने कठोर अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्ग उघडला, पण तिच्यापुरता तो नाकारला. कोण बरोबर होतं? ज्या यंत्राने ते कळलं असतं तेही पुरतं खात्रीचं नाही. शंख वाजला तर फुंकणारा आहे हे कळतं. न वाजल्यास नाही असं कसं म्हणणार?

मला पायासीचा संशय हवासा वाटतो. पुरावा मागणं चूक नाही. पण त्याच्या प्रयोगात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. रांजणाचं तोंड बांधेपर्यंत जाणीव समोरच होती. ती ओरडत असणार, हातापाया पडत असणार. तिला शोधायला माणूस मारायची गरज नव्हती. सुत्तात त्या चोराचं नावसुद्धा नाही.

असो. जाणीव म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही. पण खाटेवर निपचित पडलेल्या माणसाशी बोलताना आपण आवाज नकळत खाली आणतो, त्याच्या देखत त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. ती सवय, मला वाटतं, सोडू नये. चारांतला एक ऐकत असू शकतो.