आमचं लग्न खरं आहे, सिद्ध कसं करू?

बायको लंडनला, मी पुण्यात. पार्टनर व्हिसासाठी आमचे चॅट, फोटो, तिकिटं अपलोड करताना चिडलो आणि इतिहास शोधला.

१९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर चक्क कौमार्य चाचणी झाली होती. पुढे नवऱ्यांना सिद्ध करावं लागे, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनला येणं नाही. आता जे नाहीच, ते सिद्ध कसं करणार?

नवऱ्यांना अवघड, बायकांना सोपं, हा भेदभावच, असं १९८५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ठरवलं. सरकारने काय करावं? बायकांनाही तेच कडक नियम लावले!

ती अट १९९७ मध्ये गेली. पुराव्यांची मागणी राहिली. आज रात्री अर्ज पाठवतोय. पोटात गोळा आलाय.