शब्दांच्या आज्ञेतले स्वर

प्राचीन प्रार्थनांना नवी स्वररचना देणे ही युरोपीय वृंदगानाची जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला वेगळे वळण देणाऱ्यांमध्ये एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

पेर्त यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी पाइदे येथे झाला. त्यांच्या तरुणपणी एस्टोनिया सोव्हिएत संघराज्यात होता. १९६८ साली राजधानी तालिनमध्ये त्यांची 'क्रेडो' ही रचना सादर झाली. तीत येशू ख्रिस्तावरील श्रद्धेचा लॅटिन भाषेत उघड उच्चार होता. निरीश्वरवादी राजवटीला तो मानवला नाही आणि या रचनेचे प्रयोग बंद झाले. पुढील आठ वर्षांत पेर्त यांनी मोजकेच संगीत लिहिले. ग्रेगोरियन स्तोत्रगायन आणि मध्ययुगीन वृंदगान यांच्या अभ्यासात ते गढून गेले. १९७२ साली त्यांनी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश केला.

१९७६ साली 'फ्युर अलिना' या छोट्या पियानोरचनेतून त्यांची नवी शैली प्रकट झाली. तिला त्यांनी 'टिंटिनाबुली' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'टिंटिनाबुलम' म्हणजे लहान घंटा. या शैलीत मुख्यत: दोन आवाज असतात. एक आवाज स्वरसप्तकात पायरीपायरीने चढतो-उतरतो. दुसरा सा, ग, प अशा तीन आधारस्वरांपलीकडे जात नाही. घंटेचा नाद रेंगाळावा, तसा तो पहिल्याला सोबत करतो.

हीच पद्धत प्रार्थनेला लावताना पेर्त यांनी संगीतकाराचे स्वातंत्र्य स्वेच्छेने आखडून घेतले. १९७७ सालच्या 'मिस्सा सिलाबिका'मध्ये प्रत्येक अक्षराला एक स्वर आहे, आणि शब्दात अक्षरे किती यावर सुरावटीची लांबी ठरते. अर्थाला अनुसरून भावना रंगवण्याऐवजी शब्दाच्या घडणीलाच येथे प्रमाण मानले आहे.

१९८० साली पेर्त यांनी देश सोडला. व्हिएन्नानंतर ते बर्लिनमध्ये स्थायिक झाले. 'पास्सिओ' (१९८२) आणि 'माग्निफिकात' (१९८९) या रचना त्यानंतरच्या. 'कानोन पोकायानेन' या रचनेसाठी त्यांनी चर्च स्लाव्होनिक भाषेतील पश्चात्तापाची प्रार्थना निवडली. कोलोनच्या कॅथीड्रलच्या पायाभरणीला ७५० वर्षे झाली, त्या निमित्ताने १९९८ साली ती तेथे प्रथम गायली गेली.

हे संगीत ऐकताना सोपे वाटते. गाताना मात्र वृंदाची कसोटी लागते. स्वर थोडे, वाद्यांची साथ बहुधा नाही आणि विराम दीर्घ असल्याने किंचितही बेसूर झालेला आवाज झाकला जात नाही.

एस्टोनिया १९९१ साली पुन्हा स्वतंत्र झाला. २०१८ साली तालिनजवळील लाउलास्मा येथे आर्वो पेर्त केंद्राची नवी वास्तू खुली झाली. ज्या भूमीवर 'क्रेडो'चा आवाज दाबला गेला होता, तेथेच आता त्यांच्या हस्तलिखितांचे जतन होत आहे.