गाऱ्हाणे

रवळनाथ हे आजऱ्याचे ग्रामदैवत. घाट उतरून सिंधुदुर्गात गेले की याच देवापुढे ‘गाऱ्हाणे’ घालतात: लेकराबाळांना सुखी ठेव, घर सांभाळ. तिथे गाऱ्हाणे म्हणजे प्रार्थना. रागाचा लवलेश नाही.

मूळ मात्र तिखट. संस्कृत ‘गर्हणा’ म्हणजे निंदा!

अंगणवाडीतला आहार रखडला, सरकारी कचेरीने दाद दिली नाही, तर गाऱ्हाणे लोकायुक्तांकडे नेता येते. महाराष्ट्राचा १९७१चा कायदा गाऱ्हाणे आणि आरोप वेगळे मानतो: गैरकारभाराने झालेला अन्याय निराळा, भ्रष्टाचार निराळा. स्वीडनने असे पद १८०९मध्येच निर्माण केले. त्याचे नाव ‘ओम्बुड्समन’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. कोकणातल्या देवळात भक्ताच्या वतीने गाऱ्हाणे घालतो तो बहुधा गुरव.