जोयड्याचा हिवाळा : थंडी सौम्य का होते?

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून असलेला जोयडा हा कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा डोंगराळ व वनाच्छादित तालुका. पूर्वी तो सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि जोयडा हे तालुक्याचे मुख्य ठिकाण झाले. एका बाजूस कारवारचा दमट किनारा आणि दुसऱ्या बाजूस हल्याळ-धारवाडकडील कोरडा, सपाट प्रदेश असल्यामुळे येथील हिवाळ्यावर दोहोंची छाप पडते.

डिसेंबर-जानेवारीत सहसा ईशान्येकडून कोरडे वारे वाहतात आणि आकाश निरभ्र असते. अशा रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. थंड झालेली जड हवा उतारांवरून सरकत दऱ्यांत साचते. त्यामुळे पहाटे नदीकाठी दाट धुके असते आणि उंचावरील वाडी दरीतल्या शेतापेक्षा काहीशी उबदार राहते.

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला, की पूर्वेकडून बाष्पयुक्त वारे येतात आणि हे चित्र पालटते. ढगांचे आच्छादन दिवसा ऊन अडवते, तर रात्री जमिनीची उष्णता धरून ठेवते. परिणामी दुपार मंद आणि पहाट उबदार होते. याच वाऱ्यांमुळे धारवाडकडील सपाटीवरही थंडी ओसरते.

‘सौम्य थंडी’ ही सापेक्ष संज्ञा आहे. तापमान नेहमीपेक्षा किती अधिक आहे, यावरून ती ठरते. थंडीच्या लाटेसाठी मात्र भारतीय हवामान खात्याचे निश्चित निकष आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, तर डोंगराळ प्रदेशात शून्य अंश किंवा त्याखाली गेल्यावरच लाटेचा विचार होतो.

माणसाला सुखावणारी ही ऊब बागायतीला मानवतेच असे नाही. आंब्याला मोहोर येण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. तो लांबला तर मोहोरही लांबतो. ढगाळ, दमट हवेत आंब्यावर तुडतुडे व भुरी, तर काजूच्या पालवीवर व मोहोरावर ढेकण्या बळावतो. अंगणात वाळत घातलेल्या सुपारीला पुरेसे ऊन न मिळाल्यास बुरशी धरते. जोयड्यातील कुणबी समाज पिढ्यान्‌पिढ्या जपत आलेली मुडली व इतर कंदमुळे याच काळात काढली जातात. ओलसर जागी साठवल्यास तीही कुजतात.

म्हणून बागायतदाराला केवळ दिवसाचे तापमान पाहून भागत नाही. रात्रीचा पारा, ढग आणि पहाटेचे दव यांची सलग नोंद ठेवल्यास मोहोराची तपासणी आणि फवारणी वेळेवर करता येते. सीमेपलीकडील सांगे, धारबांदोडा व काणकोणच्या काजू बागांनाही हेच लागू पडते.