'विंटेज' लुगडे कोणाच्या आजीचे?

जुन्या जाहिरातींतल्या आणि कॅलेंडरांवरच्या साडीतल्या बायका सध्या 'विंटेज' म्हणून मोबाईलवर फिरत आहेत. लक्सच्या १९४१ च्या जाहिरातीतल्या लीला चिटणीस, रविवर्म्याच्या छापील चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती. खाली लिहिलेले असते, "आपल्या आज्या किती छान नेसायच्या!" आमचा प्रश्न साधा आहे. कोणाच्या आज्या?

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याची चित्रे घरोघर गेली. पुढे साबणाच्या कॅलेंडरांवरही तीच आली. भारतीय स्त्री म्हणजे काठपदर आणि अंगभर सोने, हे तिथे पक्के झाले. पण हा चित्रकार त्रावणकोरचा. तिथे नाडर बायकांनी छाती झाकली म्हणून अनेक दशके मार खाल्ला होता. १८५९ मध्ये, रविवर्मा अकरा वर्षांचा असताना, राजाने जाहीरनामा काढून परवानगी दिली. त्यातली अट बघा: छाती झाका, पण उच्च जातीच्या बायकांसारखी नाही. म्हणजे भांडण लाजलज्जेचे नव्हतेच. कपड्यावरून जात कळली पाहिजे, एवढाच हट्ट.

आपल्याकडे वेगळे काय होते? आमच्या बायकांचे लुगडे गुडघ्याशी खोचलेले, हातात-गळ्यात कथलाचे नाहीतर चांदीचे जाड दागिने. लांबून बघूनच जात कळायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली आणि तिथेच बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. त्यांनी सांगितले, लुगडे उच्चवर्णीय बायका नेसतात तसे नेसा, अस्पृश्यपणाची खूण असलेले दागिने टाका. त्रावणकोरच्या राजाने जे नाकारले, नेमके तेच.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला अशा गोष्टीला 'संस्कृतीकरण' म्हणायला शिकवले. एम.ए.ची परीक्षा द्यायची म्हणून तेव्हा लिहिलेही. आज पटत नाही. संस्कृतीकरणात खालचा वरच्याचे धर्माचार उचलतो. महाडला तर आधी धर्मग्रंथ जाळला, मग लुगडे घोट्यापर्यंत सोडले. ही नक्कल कशी?

जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या परिषदेच्या वेळचा, बाबासाहेबांसोबत महिला प्रतिनिधींचा फोटो आहे. नीट नेसलेल्या साड्या, कॅमेऱ्याला न घाबरता उभ्या राहिलेल्या बायका. 'विंटेज साडी'च्या एकाही पानावर आम्हाला हा फोटो दिसलेला नाही. आमच्याकडच्या प्रतीत खाली नावेही नाहीत. कोणाच्या घरी त्यातल्या आजीची ओळख असेल, तर नाव जरूर कळवा.