इंकजेट फाइन आर्ट प्रिंटला संरक्षक कोटिंग कसं करावं? संपूर्ण माहिती

प्रिंटरमधून प्रिंट बाहेर आली की काम संपलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कॉटन पेपरवरची मॅट प्रिंट इतकी नाजूक असते की नख घासलं तरी पांढरी रेघ उमटते. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणला की कडेला शाई तडकते. या दोन्हींवर उपाय म्हणजे संरक्षक कोटिंग. मात्र ते चुकलं तर प्रिंट कायमची खराब होते. माझ्या हातून हे एकदा झालंय, ते पुढे सांगतोच.

कोटिंग नेमकं काय करतं?

इंकजेटची शाई कागदात खोलवर मुरत नाही. फाइन आर्ट कागदावर शाई धरून ठेवणारा एक पातळ थर असतो, ती तिथेच बसते. ओझोन, दमटपणा, धूळ, बोटांचा घाम यांचा मारा थेट या थरावर होतो. कोटिंग म्हणजे त्यावर बसवलेलं रेझिनचं पारदर्शक कवच.

शाईचे मुख्य प्रकार दोन. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे हवेतल्या ओझोनने तो लवकर उडतो. २००० च्या सुमारास घरगुती फोटो प्रिंटरच्या काही प्रिंट थोड्याच दिवसांत नारिंगी पडल्या होत्या, त्यामागे हेच कारण होतं. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म घन कण असतात. ते जास्त टिकतात, पण वरवर बसलेले असल्यामुळे घासले जातात. थोडक्यात, डाय प्रिंटला हवेपासून जपायचं आणि पिगमेंट प्रिंटला घासण्यापासून.

कोणत्या प्रिंटला काय वापरावं?

• कागदावरची प्रिंट: सॉल्व्हंटवर आधारित स्प्रे. हानेम्यूले प्रोटेक्टिव्ह स्प्रे किंवा मोआब डेझर्ट व्हार्निश ही याची उदाहरणं. हलका मारला तर कागदाचा पोत तसाच राहतो.

• पिगमेंट शाईतला कॅनव्हास: पाण्यावर आधारित ॲक्रिलिक व्हार्निश, फोम रोलरने किंवा स्प्रे गनने. हेच व्हार्निश डाय प्रिंटवर लावलं तर रंग पसरू शकतो.

• काचेच्या फ्रेममध्ये जाणारी प्रिंट: कोटिंग नसलं तरी चालतं. फक्त प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवा.

कोटिंगची पद्धत

१. प्रिंट पूर्ण सुकू द्या. हाताला कोरडी लागली तरी शाईतलं ग्लायकॉल हळूहळू उडत असतं. प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवून किमान २४ तास थांबा. तो कागद लाटांसारखा वाकला तर बदला आणि आणखी थांबा.

२. मऊ ब्रशने धूळ आणि कॉटनचे तंतू झटका. कोटिंगखाली अडकलेला तंतू नंतर निघत नाही.

३. त्याच कागदाच्या, त्याच शाईने छापलेल्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या.

४. कॅन नीट हलवून साधारण २५ ते ३० सेंटीमीटरवरून मारा. स्प्रे प्रिंटच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, म्हणजे कडेला थेंब पडत नाहीत.

५. पहिला हात आडवा, दुसरा उभा. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर केव्हाही चांगले. दोन थरांमध्ये किती थांबायचं ते कॅनवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबाच.

६. कॅनव्हास असेल तर कोटिंग पूर्ण सुकल्यावरच ताणा.

माझी चूक: पावसाळा

जुलै महिना होता. एका ज्येष्ठ चित्रकार काकांची मर्यादित आवृत्ती मी छापली होती, दहाच प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक आणि सही. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं. बाहेर धो धो पाऊस, तरी मी बाल्कनीत बसून तीन प्रिंटवर स्प्रे मारला. दहा मिनिटांत गडद भागांवर दुधासारखी पांढरी झाक आली.

सॉल्व्हंट भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प जमतं आणि ओल्या थरात अडकतं. रंगकामात याला ब्लशिंग म्हणतात. तीन प्रती गेल्या. फाइल माझ्याकडे होती, पण त्या क्रमांकांच्या प्रती पुन्हा छापायच्या की नाही, हे ठरवण्याचा हक्क माझा नव्हता. मी काकांना फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “फाडून टाक. सातच होत्या असं लिहू.” आवृत्ती सातची झाली, आणि तीन प्रतींचं नुकसान त्यांनी सोसलं.

तेव्हापासून तीन-चारशे रुपयांचं आर्द्रतामापक भिंतीवर लावलंय. आकडा ६० टक्क्यांच्या वर असेल तर कॅनला हात लावत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बंद खोलीत एसी लावून हवा आधी कोरडी करा. स्प्रे मारताना मात्र एक्झॉस्ट पंखा हवाच.

सुरक्षितता

सॉल्व्हंटची वाफ विषारी आणि ज्वलनशील असते. कापडी मास्क तिच्यापुढे काही कामाचा नाही, सेंद्रिय वाफ शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. जवळ गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा काहीही पेटतं नको.

नेहमीचे प्रश्न

कोटिंग केलं की रंग कधीच उडत नाही का?
उडतो, फक्त हळू. थेट उन्हापासून प्रिंट लांबच ठेवायची.

कोटिंग नंतर काढता येतं का?
नाही असंच समजा. म्हणून चाचणीचा तुकडा.

सही आधी की नंतर?
पेन्सिलची सही आधी चालते. मार्कर पेनची शाई सॉल्व्हंटने पसरू शकते, त्यामुळे ती कोटिंग सुकल्यावर करावी. पण क्रमांकित आवृत्ती असेल तर माझं ऐका, आधी कोटिंग, मग क्रमांक आणि सही. प्रत बिघडली तरी मग ती फक्त एक कागद असते.